साळवेकाकांचा तेरियाकी

गेल्या महिन्यात आमच्या लेकीनं, गौरीनं, कुठल्याशा ॲपवरून तेरियाकी सॉसची बाटली मागवली. बाटली टेबलावर येऊन उभी राहिली आणि मी, ज्याला आजवर चहा सोडून काही धड करता आलेलं नाही, एकदम बोलून गेलो, "हे विकत कशाला आणलं? हा तर घरी होतो."

घरात शांतता पसरली. माझ्या बोलण्यानं शांतता पसरावी असे प्रसंग आमच्या घरात फार येत नाहीत. बहुतेक वेळा माझं वाक्य संपायच्या आत दुसऱ्या कुणाचं तरी सुरू झालेलं असतं. मीनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, हातातली पळी थांबवून विचारलं, "कोण करतं घरी?"

"साळवेकाका करायचे."

"ते करायचे. तुम्ही बाजूला उभे असायचात."

हे मात्र खरं आहे. काका रोज हा सॉस करत होते त्या तीन महिन्यांत मी बाजूलाच उभा होतो. गौरीनं बाटलीचं बूच उघडून माझ्या नाकाशी धरलं. गोड, खारट, थोडा जळकट असा तो वास आला आणि कोपऱ्यावरच्या घराचं स्वयंपाकघर आणि गॅससमोर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, डोक्यावर टोपी घालून उभे असलेले साळवेकाका जसेच्या तसे डोळ्यांपुढं आले.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून आमची गल्ली आहे. तिच्या कोपऱ्यावरचं घर साळवेकाकांचं. आता ते इथं राहत नाहीत, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही अजून "जपानी गाईडच्या घरापासून डावीकडं" असंच सांगतो. यावरून एका नव्या रिक्षावाल्याचा समज झाला होता की गल्लीत कुणी जपानी मनुष्य राहतो. तसं नव्हतं. काका इथलेच. फक्त उभी हयात जपानी पर्यटकांना त्यांच्या भाषेत वेरूळ आणि अजिंठा दाखवण्यात गेली. जपानी भाषा ते पर्यटकांच्या मागं हिंडून शिकले. लिहिता-वाचता येत नव्हती, पण बोलायला लागले की समोरचे जपानी आजोबा डोळे मिटून मान डोलवायचे.

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण नोकरी माणसातून होत नाही, हे मी काकांवरून शिकलो. ते रस्त्यानं उलटे चालायचे. म्हणजे चार माणसं बरोबर असली की काका आपोआप पुढं जात, आमच्याकडं तोंड करून वळत आणि बोलत बोलत मागच्या मागं चालत. लेण्यात ते ठीक होतं. भाजी मंडईत ते दोनदा हातगाडीला आणि एकदा गाईला धडकले. गाईची त्यांनी कमरेतून वाकून, जपानीत, माफी मागितली. फोनवर बोलतानाही ते असेच वाकत. गॅसचा नंबर लावायचा असला तरी.

कुठल्याही दारातून आत जाताना मागच्याला "डोकं सांभाळा" हे ठरलेलं. माझ्या घराचं दार सात फुटी आहे आणि मी पाच फूट तीन इंच. तरी मी दर वेळी मान खाली घालायचो. एवढ्या प्रेमानं कुणी आपल्या उंचीबद्दल गैरसमज करून घेत असेल तर तो दूर कशाला करा?

आणि मोजणी. माणसं मोजल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. माझ्या पुतणीचं लग्न लासूर स्टेशनला होतं तेव्हा गल्लीतली सोळा माणसं टेम्पो ट्रॅव्हलरनं गेली. परत निघताना काकांनी मोजली, सतरा भरली. काका खूश. "सगळे आले. चला!" पडेगावात उतरल्यावर कळलं की सतरावे गृहस्थ शेजारच्या कार्यालयातल्या लग्नाचे होते, त्यांना वैजापूरला जायचं होतं, आणि ते आमच्यात बसून गाढ झोपले होते. मीना वैतागली. काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, मागं राहिला असता तर चूक. जास्तीचा आला तर पाहुणा." त्या पाहुण्यांना जेवू घालून सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं, तेही काकांनीच.

त्यांची आणखी एक विद्या होती, उजेड वळवण्याची. अंधाऱ्या लेण्यात बाहेरचं ऊन आरशानं, पत्र्यानं आत कसं आणायचं हे त्यांना माहीत होतं. मीनाच्या कानातलं एकदा कपाटाखाली गेलं. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा पडलो आणि उठताना कंबर धरून बसलो. काका आले, अंगणात स्टीलचं ताट तिरकं धरून उभे राहिले, आणि खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा थेट कपाटाखाली शिरला. कानातलं चमकलं. मीना आजही हा प्रसंग सांगते तेव्हा त्यात माझी भूमिका फक्त कंबर धरण्याची असते.

अशा माणसाला घरात काय मान असेल असं वाटतं ना? घरात सुमनकाकू होत्या.

काकू अंगणवाडीत होत्या. हजारभर पोरांची नाकं पुसून त्यांना दुनियेबद्दल काही भ्रम उरलेला नव्हता. "चांगलं" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस आमच्या गल्लीत नव्हता. फार झालं तर "बरं हाय", आणि लगेच "पण". मीनानं पुरणपोळ्या दिल्या तर, "बऱ्या झाल्यात. पण पुरण जरा भगरंच राहिलं." काकांनी पैठणहून साडी आणली तर, "पदर बरा हाय. पण काठ असला कामून घेतला?" काका माझ्याकडं बघून हात पसरायचे. "जपानातून माणसं येऊन मान डोलवून गेली, जाधव. हिची मान काय हलली नाय."

"हलवून करू काय?" काकू आतून म्हणायच्या. "मानंचा पट्टा लागंल."

पण एक गोष्ट लक्षात यायची. त्यांचा तो "पण" ऐकायला काका थांबत. साडी दिल्यावर, भाजी आणल्यावर, दाराला रंग दिल्यावर ते तिथंच उभे राहायचे, शाळेत वही तपासून घ्यायला उभं राहावं तसे.

मग काकू आजारी पडल्या. पोटातली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ते बरं झालं. त्यानंतर ती सलाईनमधून देतात ती औषधं सुरू झाली आणि काकूंची चव गेली. तोंडाला काही लागेना. भाकरी म्हणजे माती, वरण म्हणजे माती, पेढा म्हणजे गोड नसलेली माती. आधीच बारीक बाई, ती चादरीखाली दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की औषध आपलं काम करील, पण अंगात काही गेलं पाहिजे. वजन आणखी उतरलं तर पुढचे डोस थांबवावे लागतील.

मुलगी नाशिकला, तिचं लहान बाळ. ती महिनाभर राहून गेली. मग स्वयंपाकघरात, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, काका शिरले. गल्लीतल्या बायका डबे देत होत्या. काका प्रत्येक डबा ताटात वाढून नेत, आणि तसाच्या तसा परत आणत.

एका दुपारी मी त्यांच्याकडं बसलो होतो. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "ती तुमची हारुकोबाई आली होती बघा. तिनं वांग्यावर ते काय लावलं होतं? चकचकीत?"

काका खुर्चीतून उठलेच. "तेरियाकी."

"ते असलं तर खाईन म्हणते."

हारुकोबाईंची गोष्ट गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे. वीसेक वर्षांपूर्वी त्या दर हिवाळ्यात गट घेऊन लेणी बघायला येत. एकदा हट्ट धरून काकांच्या घरी आल्या आणि काकूंच्या हातची भाकरी खाल्ल्यावर म्हणाल्या, आता मी करते. पिशवीतून चार लहान बाटल्या-पुड्या काढल्या, काकूंच्या तव्यावर वांग्याचे काप परतले आणि त्यावर हा सॉस आटवून ओतला. काका शेजारी उभं राहून भाषांतर करत होते. काकूंनी खाऊन तेव्हा अभिप्राय दिला होता, "बरं लागतंय. पण शेंगदाण्याचा कूट पाहिजे होता."

आता वीस वर्षांनी त्याच पदार्थाची फर्माईश आली होती. काकांनी मला हाताला धरून अंगणात नेलं.

"जाधव, मला सगळं पाठ हाय. बाई काय बोलली ते मीच तर मराठीत सांगितलं. तेरी म्हणजे चकाकी, याकी म्हणजे भाजणं. चार वस्तू, चारी सारख्या मापाच्या. पहिली सोयाचं पाणी. दुसरी साखर. बारीक आचेवर आटवायचं. बुडबुडे पहिल्यांदा लहान आणि घाईचे असतात, मग मोठे अन् आळशी होतात. आळशी झाले की गॅस बंद. तवर नजर हलवायची नाय."

"आणि तिसरी, चौथी वस्तू?"

"त्या दोन बाटल्यांत होत्या. काय होतं ते इचारलं नाय. पाहुण्याच्या पिशवीत गाईडनं डोकावू नये."

पहिली अडचण सोयाच्या पाण्याचीच आली. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून मी सोया सॉस आणला. काकांनी तो ताटलीत ओतून उन्हात धरला. "हे बुटाचं पॉलिश हाय. बाईचं पातळ होतं, लालसर."

इथं माझ्यातला शेतकरी जागा झाला. लासूर स्टेशनला आमची वडिलोपार्जित जमीन, भाऊ दर वर्षी सोयाबीन पेरतो. मी म्हणालो, "काका, सोयाबीन आपल्याच मातीत पिकतं आणि आपण त्याचं पाणी बाटलीतून विकत आणायचं? उद्या पोतं आणतो. शिजवू, गाळू, झालं सॉस." हे मी अशा आत्मविश्वासानं सांगितलं की काकांसारखा जाणता माणूसही फसला. वास्तविक आमच्या घरात सोयाबीन कुणी कधी खाल्लेलं नव्हतं. ते पिकवायचं, बाजार समितीत घालायचं आणि त्याचं पुढं काय होतं याची चौकशी करायची नाही, अशीच रीत होती.

दाणे रात्रभर भिजवले. कुकरला आठ शिट्ट्या दिल्या. फडक्यात पिळले. पिवळट, फेसाळ पाणी निघालं. ते दोन तास आटवलं तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे उरलं त्याला पुरणाचा रंग होता आणि ओल्या गोणपाटाचा वास. वास खोलीत गेला.

"काय शिजवायलेत हो?" काकूंचा आवाज आला. "म्हशीला आंबोण?"

गौरी तेव्हा बारावीत होती. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं की सोया सॉस आंबवायला कित्येक महिने लागतात. "बाबा, तुम्ही आठ शिट्ट्यांत करत होतात?" मी भावाला फोन लावला आणि पोत्याबद्दल आभार मानले. पुढं महिनाभर आमच्या घरी सोयाबीनची उसळ होती. मीनानं ती मला एकट्यालाच वाढली.

सोया सॉस शेवटी मॉलमधून चांगल्यातला आणला. मग गौरीनं तिसरी आणि चौथी बाटली शोधून काढली. वाचता वाचता ती थांबली. "काका... दोन्हीत दारू आहे. एक तांदळाची गोड, एक तांदळाची साधी."

काका ओट्याला टेकून उभे राहिले. काका-काकूंनी पंचशील घेतलेलं आणि ते पाळलेलं. गल्लीत कुणाच्या वरातीत बाटली निघाली की काका "जयभीम, येतो" म्हणून पहिले निघायचे. आणि त्यांच्याच तव्यावर वीस वर्षांपूर्वी! "म्हणजे आपल्या हातून..." ते म्हणाले, आणि काकूंना सांगायला आत गेले. मी मागोमाग. काकांनी चाचरत सांगितलं. काकूंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"मला तवाच वास आला होता."

"आँ? मग बोलली का नाहीस?"

"पाहुणी होती. एवढ्या लांबून आलेली. तिला काय म्हणू, बाई तुझ्या हातचं नको?"

वीस वर्षं हे त्यांनी एकटीनं पोटात ठेवलं होतं. काका बाहेर आले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, सरळ, पुढं तोंड करून. मग म्हणाले, "गाडी काढा."

"कुठं?"

"दुकानात. शील मोडतंय ते माझं मोडंल. ती जेवत नाय जाधव."

मी सुचवलं की उस्मानपुऱ्याकडं जाऊ, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. दुकानासमोर स्कूटर लावली, मी हेल्मेट काढलं नाही, काच खाली ओढली. आणि रांगेतला पहिलाच माणूस वळून म्हणाला, "काय जाधवसाहेब, हेल्मेट घालून?" आमच्या ऑफिसातला शिपाई. काका मात्र ताठ उभे होते. पाळी आल्यावर त्यांनी दुकानदाराला हात जोडले आणि तांदळाची दारू कशासाठी हवी आहे, हारुकोबाई कोण, त्यांनी वांगी कशी परतली, सगळं सांगायला सुरुवात केली. मागं रांग वाढत होती. कुणीतरी ओरडलं, "चचा, कहानी बाद में सुनाओ!" दुकानदारानं गोंधळून एक लहान, पांढऱ्या वाइनची बाटली पुढं केली. काकांनी ती दोन बोटांत, मेलेलं काही उचलावं तशी धरली.

घरी आलो. काका बाटली घेऊन काकूंसमोर उभे राहिले. चोरून घालणं त्यांना जमणारं नव्हतं.

काकूंनी बाटलीकडं बघितलं, मग काकांकडं. "ती पाहुणी होती, म्हणून खाल्लं. तुमी पाहुणे हायेत का?"

"अगं पण तू..."

"माझ्यापायी तुमी आता दुकानात उभं राह्यले. एवढं बास झालं. ती बाटली आधी घराबाहेर काढा."

बाटली मी काढली. ती माझ्या स्कूटरच्या डिकीत राहिली आणि तिथं ती मीनाला सापडली, ही गोष्ट इथं वाढवत नाही.

त्या दिवसापासून काकांचं खरं काम सुरू झालं. दारूशिवाय ती चव, ती चकाकी आणायची. सकाळी पर्यटकांना न्यायला निघाल्यासारखे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅससमोर उभे राहत. साखरेऐवजी गूळ घालून बघितला. मग मी गावाकडून काकवी आणली, उसाचा तो पातळ, मधासारखा पाक, आणि चकाकी एकदम वाढली. तांदळाचं धुवण घातलं. थोडं आलं, थेंबभर व्हिनेगर. वाटी दारात नेऊन उन्हात तिरकी धरायची आणि चमक बघायची. मी चाखायचो. माझ्या जिभेला गोड आणि खारट एवढं कळतं, पण काका माझ्या तोंडाकडं अशा आशेनं बघायचे की मी डोळे मिटून "हं" म्हणायचो. मग वांग्याचे चार काप परतायचे, वर सॉस ओतायचा, आणि काका ताटली घेऊन आत जायचे. मी दारात थांबायचो.

काकू एक काप उचलायच्या. हळूहळू चावायच्या. गिळायच्या. आणि म्हणायच्या, "चांगलं झालंय."

पहिल्या दिवशी मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. गल्लीच्या इतिहासात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता! काका बाहेर आल्यावर मी त्यांची पाठ थोपटली. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आलं जास्त पडलं होतं. काकू म्हणाल्या, "चांगलं झालंय." तिसऱ्या दिवशी काका काकवीच घालायला विसरले. "चांगलं झालंय." दोन काप खायच्या, तिसरा ठेवायच्या. कधी दीड.

असे कितीतरी दिवस गेले. एकदा सकाळी मी गेलो तेव्हा गॅस बंद होता. काका अंगणातल्या पायरीवर बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"आज नाही करायचं?"

"जाधव," ते म्हणाले, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. एक दिवस ही मला चांगलं म्हणाली नाय. मी म्हणायचो, एकदा म्हण बाई, मरायच्या आधी एकदा तरी. आता रोज म्हणायलीय." त्यांनी हातांकडं बघितलं. "तिला काही लागतच नाय. मला बरं वाटावं म्हणून म्हणती. आता ती मला पाहुणा समजायलीय."

 एरवी मी न विचारता पुष्कळ बोलतो. त्या दिवशी आत जाऊन मी फक्त गॅस पेटवला आणि म्हणालो, "चला काका. वांगी चिरून ठेवलीत मीनानं." ते उठले. उठताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

औषधाचे डोस संपले. वजन काट्यावर कसंबसं टिकलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीभ परत यायला वेळ लागतो, येईल. कधी ते सांगता येत नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवडे गेले असतील. रविवार होता. काका सॉस आटवत होते, बुडबुडे अजून लहान होते. तेवढ्यात फाटकाशी गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. पावतीवर सही काकांचीच लागत होती. त्यांनी पळी माझ्या हातात दिली. "नजर हलवू नका. आळशी झाले की बंद."

मी नजर हलवली नाही. शपथेवर सांगतो. पण मला आठवलं की यात मीठ घातलेलं मी पाहिलं नाही. मिठाशिवाय कधी काही शिजतं का? ओट्यावर डबा होता. चमचाभर घातलं. मग मीठ विरघळलं की नाही ते बघण्यात, बुडबुडे मोठे झाले, आळशी झाले आणि पार झोपी गेले ते माझ्या ध्यानात आलं नाही. काळपट धूर निघाला तेव्हा काका धावत आले.

पातेल्यात डांबर होतं. चकाकी मात्र, काय सांगू, अप्रतिम होती.

"दुसरं करू," मी ओशाळून म्हणालो. पण काकवी संपली होती आणि काकूंची जेवणानंतरची गोळी वेळेवर द्यायची होती. काकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. "तिला काय कळणारे," ते हळूच म्हणाले. त्यांनी त्यातल्या त्यात पातळ सॉस कापांवर ओतला आणि ताटली आत नेली. मी दारात, नेहमीच्या जागी.

काकूंनी काप तोंडात घातला. एकदा चावला. थांबल्या. परत चावला. आणि त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला की मी दाराआड सरकलो.

"शी! काय हे? जळालंय की सगळं!"

काका हलले नाहीत.

"आन् मीठ कुणी ओतलं यात? सोया काय अळणी असतंय? कडूजहर नुसतं! ते जाधव होते ना गॅसजवळ? तरीच! काडीचं येत नाय त्या माणसाला, अन् तुमी त्याच्या हातात पळी देता? पाणी द्या आधी. वंगाळ, लई वंगाळ केलंय."

"काय म्हणालीस?" काका पुढं वाकले. "परत म्हण."

"वंगाळ म्हणलं! बहिरे झाले का?"

काका मटकन पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काकूंचा हात धरून हसू लागले. हसता हसता चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले. काकूंना क्षणभर कळेना. मग त्यांनी ताटलीकडं पाहिलं आणि ओठांवरून जीभ फिरवली. एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "अहो, खारट लागलं."

मी तिथून निघालो. जिथं आपलं काही काम नाही तिथं मी सहसा रेंगाळतो, पण एवढं मलाही समजतं.

घरी येऊन मीनाला सांगतोय तोवर फाटक वाजलं. दारात काका. पायात चप्पल नाही, हातात ते जळकं पातेलं आणि चमचा. रस्त्याच्या पलीकडच्या कुलकर्णी वहिनी हनुवटीला हात लावून फाटकात उभ्या होत्या, तोंड कडू करून. म्हणजे सुरुवात तिथून झाली होती.

"घ्या," काका म्हणाले, "चाखा. लई वंगाळ झालंय." लेक पास झाल्यावर पेढे द्यावेत त्या चेहऱ्यानं त्यांनी चमचा माझ्यापुढं धरला.

मी चाखलं. आयुष्यात इतकं वाईट काही माझ्या तोंडात गेलेलं नाही, आणि ते मीच केलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. काका इतके आनंदात होते की सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगलं झालंय, काका."

काकांच्या कपाळाला आठी पडली. "चांगलं? जीभ हाय का काय तुमच्या तोंडात? नीट चाखा," म्हणून त्यांनी आणखी एक चमचा माझ्या तोंडात घातला, आणि मी गिळतोय की नाही हे न बघताच अनवाणी, तरातरा, पुढच्या घराकडं निघून गेले.